चार भोकांचं भांडं

तात्या ताडपत्रीच्या कडेला उकिडवे बसलेत आणि एका लोखंडी पट्टीच्या भोकात आगकाडी घालून पाहताहेत. काडी आत जाते. मग ते पट्टी उलटी करतात आणि त्याच भोकात पलीकडून काडी घालायला जातात, तर ती अडते.

"भोक सरळ नाहीये," ते म्हणतात. "निमुळतं आहे."

पट्टी वीतभर लांब, तीन बोटं रुंद. कडांना गंजाचे पापुद्रे सुटलेत. भोकांच्या तीन ओळी आहेत. पहिल्या भोकातून गव्हाचा दाणा जाईल, तिथून पुढे ती बारीक बारीक होत जातात आणि शेवटचं भोक पट्टी उजेडाकडे धरल्याशिवाय दिसतच नाही. ताडपत्रीच्या मालकाला इथे सगळे भाई म्हणतात. त्याने ही वस्तू तात्यांच्या हातात देताना "स्वेटरच्या सुया मोजायची इंग्लिश पट्टी" असं छातीठोक सांगितलंय. शेजारी उभ्या असलेल्या आयटीआयच्या पोराला ते पटत नाही.

"काका, डाय-प्लेट असणार ही. बोल्टला आटे पाडायची."

तात्या शर्टाच्या कॉलरखाली टोचलेली टाचणी काढतात, एका भोकातून हळूच फिरवतात आणि त्याच्यापुढे धरतात. "तू फिरव. आटे असते तर खरखरली असती." पोरगा फिरवतो. टाचणी खरखरत नाही.

मंगळवार पेठेतला हा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. आज रविवार आहे, ऊन अजून कोवळं आहे आणि मिक्सरची भांडी, नळाच्या तोट्या, एकेका पायाचे बूट, मेलेले मोबाइल, तांब्याचे बंब अशा पसाऱ्यातून वाट काढत माणसं हिंडताहेत. भाईची ताडपत्री हत्यारांची. तात्यांचं आयुष्य पिंपरीकडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलंय. निवृत्तीनंतर ते इथे येतात, घेतात थोडं आणि हाताळतात फार. त्यांच्या पिशवीत भिंग असतं, चुंबक असतं, रॉकेलची छोटी बाटली आणि खडूचा तुकडा असतो. भाई त्यांच्यावर करवादतो, पण नवा माल आला की आधी त्यांनाच हाक मारतो. फुकटात पारख होते, कोणाला नको असते?

आता ते पट्टीवर रॉकेलचा बोळा फिरवताहेत. गंज उतरतो आणि खालून एक चमत्कारिक गोष्ट दिसते. प्रत्येक भोकाभोवती बारीक ठोक्यांचं कडं आहे, पण फक्त एकाच अंगाला. पट्टीची दुसरी बाजू सपाट आहे.

"झालं," तात्या म्हणतात. "सोनाराचं जंतर."

मग ते हाताने दाखवतात. सोन्याचांदीच्या तारेचं टोक कानशीने घासून अणकुचीदार करायचं, भोकाच्या रुंद बाजूने घालायचं, पलीकडून पकडीत धरायचं आणि ओढायचं. तार थोडी बारीक होऊन बाहेर येते. पुढचं भोक, पुन्हा ओढ. तीन-चार भोकांनंतर तार ताठर होते, तुटेल की काय असं वाटतं, म्हणून तापवून मऊ करून घ्यायची. मेण लावायचं, म्हणजे सरकते.

"आणि हे ठोके?" पोरगा विचारतो.

"ओढून ओढून भोक मोठं होणारच ना? मग भोकाभोवती हातोडी मारून लोखंड आत सरकवायचं, भोक बुजत आणायचं आणि टोकदार पंच घालून पुन्हा हव्या मापाचं करून घ्यायचं. स्वेटरच्या सुया मोजणारी बाई हातोडी कशाला मारेल?"

त्यांची रीत एवढीच. वस्तू कशासारखी दिसते हे ते विचारतच नाहीत; ती कुठे झिजली आहे ते पाहतात. हात लागून गुळगुळीत कुठे झाली, काम करून खाल्ली कुठे गेली आणि दुसऱ्या कोणी तिच्यावर ठोकलं कुठे. आकार फसवतो. कारखान्यात, घरात आणि शेतात एकाच आकाराची पाच हत्यारं असतात आणि ती पाच निरनिराळी कामं करतात. झीज सहसा खोटं बोलत नाही. भाई मात्र बोलतो. त्याच्या लेखी ताडपत्रीवरच्या निम्म्या वस्तू पेशवेकालीन आणि उरलेल्या राजवाड्यातल्या. मघाशी त्याने एक पाना पेशवाईतला म्हणून पुढे केला, तेव्हा तात्यांनी त्यावर खडू घासला. खोलगट अक्षरांत पांढरी भुकटी बसली आणि ५/१६ डब्ल्यू असं स्वच्छ वाचता आलं. डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचं ठरावीक माप सुचवलं ते १८४१ मध्ये आणि पेशवाई बुडाली १८१८ मध्ये. शिवाय पान्यावर पाच-सोळांश इंच लिहिलंय आणि जबडा मात्र दीडपटीहून मोठा आहे. आयटीआयचं पोरगं म्हणालं, चुकीचा ठोकलाय. चुकलेलं काही नाही. त्या पद्धतीत पान्यावर बोल्टच्या दांड्याचं माप लिहायचे, डोक्याचं नाही.

खडूने आणखी एक हातोडा बोलता केलाय. त्याचं डोकं लांबट, अरुंद, दोन्हीकडे तोंड असलेलं. घासल्यावर जी. आय. पी. आर. अशी अक्षरं उमटली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सोडणारी कंपनी. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत विलीन झाली, तेव्हा हातोडा त्याच्या आधीचा, हे कोणीही सांगेल. तो नेमका कशाचा, हे तात्या त्याच्या तोंडावरून सांगतात. रुळाच्या चाव्या सैल होतात, त्या ठोकत रोज मैलोन्‌मैल चालणारा कीमन असतो, त्याचा हा हातोडा. दोन्ही तोंडं सारखी झिजलेली नाहीत. एक जास्त खाल्लंय. "एकाच हाताचा माणूस बरीच वर्षं वापरत होता," तात्या म्हणतात. भाई लगेच हातोडा उचलून पुढच्या ओळीत मांडतो.

माझ्या पायाशी पत्र्याच्या डब्यात जे पडलंय ते मला ओळखता येतं, आणि त्याचा मला थोडा गर्व होतो. पोलादाचा अरुंद, तीन बाजूंनी बंद, एका बाजूने उघडा ट्रे. त्यात सरकणारा आडवा तुकडा आणि तो आवळायचा स्क्रू. भाई त्याला सुताराचं माप म्हणतो. ही छापखान्यातली स्टिक. जुळारी ती डाव्या हातात धरायचा, उजव्या हाताने केसमधून शिशाचा एकेक खिळा उचलून तिच्यात उलटा लावायचा आणि अंगठ्याने तोललेली ओळ भरली की गॅलीवर उतरवायचा. सदाशिव-नारायण पेठेतल्या बोळांत अशा स्टिका घेऊन उभी असलेली माणसं ऑफसेट येईपर्यंत सर्रास दिसत. आमच्या लिखाणातल्या शुद्धलेखनाच्या चुका पहिल्यांदा त्यांना कळायच्या आणि ते त्या मुकाट्याने दुरुस्तही करायचे. स्टिकच्या डाव्या कडेला अंगठ्याएवढी जागा चकचकीत आहे. बाकी सगळं काळं.

एक तरुण पाठीवर मोठी पिशवी घेऊन येतो. बाणेरला कोणी हॉटेल काढतंय, वाड्यासारखं, त्याची सजावट याच्याकडे आहे. भिंतीवर लावायला त्याला "रस्टिक" वस्तू हव्यात. पिशवीतून तो एक जाड लाकडी वस्तू काढून तात्यांपुढे धरतो. दोन्ही टोकांना गोल डोकी, मधे मुठीत मावेल एवढी कंबर.

"तालमीतलं डंबेल आहे ना हे? सातशेला घेतलं."

तात्या ते फिरवून पाहतात. एका डोक्याच्या ओठावर खोलगट चीर आहे, पलीकडच्या डोक्यावर तशीच दुसरी. चिरेत बोट घातलं तर काचेसारखं गुळगुळीत लागतं.

"डंबेल हवेत फिरतं. हवेने लाकडाला चीर पडत नाही," ते म्हणतात. "हे पिंजाऱ्याचं. धनुकलीच्या तातेवर मारायचं. ओठ तातेत अडकतो, ताणतो, सुटतो, आणि ती थरथरली की कापूस उडतो."

तरुणाला डंबेलच बरं वाटत होतं, हे त्याच्या तोंडावर दिसतं. कार्डावर तसं लिहूनही झालं असेल. तरी तो तात्यांच्या शेजारी बसतो आणि पिशवी उलटी करतो. तिच्यातून आणखी काय काय निघतं. एक मूठभर पातळ लोखंडी चकत्या आहेत, अर्ध्या पानाच्या आकाराच्या, कडेने भोकं पाडलेल्या. त्याने त्या चिलखताच्या कड्या म्हणून घेतल्यात. या मात्र मीही ओळखतो, कारण साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर बैलांच्या पायात त्या आजही असतात. या पत्र्या. घोड्याचा खूर अखंड, म्हणून त्याचा नाल एकच आणि गोल. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ. नालबंद बैलाला दोरानं पाडतो, चारी पाय बांधतो आणि खुराच्या कडेने खिळे ठोकतो. उसाची गाडी डांबरावरून न्यायची म्हणजे पत्रीवाचून गत्यंतर नाही.

"चिलखत म्हणून लावू नका म्हणजे झालं," मी म्हणतो. तो हसत नाही.

आता पिशवीच्या तळाशी एकच वस्तू उरलीय. ही त्याने भाईकडूनच, आत्ता घेतलीय. म्हणजे अजून पैसे दिलेले नाहीत. भाई बाराशे म्हणतोय. लाकडाचं गोल भांडं, ओंजळीपेक्षा थोडं मोठं, जाड काठाचं, काळपट पडलेलं. त्याच्या तळाशी चार भोकं आहेत, मध्यभागी नाहीत, चौफेर. मध्यभागी उलट थोडा उंचवटा आहे. भोकं खाली बाहेरच्या बाजूला तिरकी निघतात.

तात्या ते हातात घेतात आणि गप्प बसतात.

ही त्यांची गप्प बसायची जागा नव्हे. माणसं जमतात. कोणी म्हणतं, मेणबत्त्यांचा स्टँड. पण मग आत मेण सांडल्याचा डाग कुठे गेला? कोणी म्हणतं, अभिषेकपात्र, चार धारांचं. लाकडाचं? आणि पिंडीवर चारही बाजूंनी पाणी बाहेर पडेल असं? एक गृहस्थ चष्मा वर करून दिव्याच्या झुंबराचा भाग असल्याचं सांगतात आणि कोणी काही विचारायच्या आत निघून जातात. तरुणाला त्यात काही खटकत नाही. तो भोकांतून वायर घालून चार बल्ब सोडणार आहे.

तात्या भिंग काढतात. त्यांना काय दिसतंय ते मलाही दाखवतात. भोकांच्या आतल्या कडा झिजून गोल झाल्यात, चारही सारख्या. भांड्याच्या आतला काठ एकाच बाजूला घासला गेलाय, तिथे लाकूड मऊ, तेलकट लागतं.

"वायर नाही, पाणी नाही," ते हळू बोलतात. "काहीतरी दाणेदार. खूप वर्षं, रोज नाही, पण पुष्कळ. आणि या बाजूला मनगट टेकत होतं." मग मान हलवतात. "दाणे कुठे जात होते ते कळत नाही."

मला इथून रिक्षाने थोड्या अंतरावरचं केळकर संग्रहालय आठवतं. दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या सुमारास जमवायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, कुलपं, पाय घासायच्या वज्री, अशा घरातल्याच वस्तू. १९७५ मध्ये त्यांनी तो सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. तिथे प्रत्येक वस्तूपुढे पाटी आहे आणि ती लिहिता आली, कारण केळकर स्वतः हिंडून माणसांच्या हातून वस्तू घेत. देणारा सांगायचा, हे आमच्या आजीचं, याने अमुक करायची. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोमिश यांनी गोवा चित्र संग्रहालयात शेतीची आणि कारागिरांची अवजारं लावलीत, तिथेही हेच. भंगाराच्या वाटेने येणाऱ्या वस्तूचं तसं होत नाही. घरातून ती हातगाडीवर जाते, हातगाडीवरून गोदामात, गोदामातून ताडपत्रीवर, आणि प्रत्येक ठिकाणी तिचा भाव किलोवर ठरतो. पहिल्याच काट्यावर नाव गळून पडतं. नंतरचं सगळं भाईची कल्पनाशक्ती. लाकडाला तर किलोचाही भाव नाही. बहुतेक ते चुलीतच जातं.

"आरं, ते चाडं हाय की."

आवाज मागून येतो. नऊवारी नेसलेली एक बाई घमेल्यांच्या राशीपाशी उभी आहे, हातात एक घमेलं, दुसऱ्या हाताने त्याच्या बुडावर टिचक्या मारतेय. साठीच्या पुढची असेल. ती आली आहे घमेलं घ्यायला. भांड्याकडे तिचं लक्ष सहज गेलंय.

"मावशी, काय म्हणालात?" तात्या उठूनच उभे राहतात.

"चाडं. पाभरीचं. पेरायचं." ती घमेलं काखेत धरते आणि भांडं तात्यांच्या हातून काढून घेते. "ह्या भोकात नळं बसवायचं, येळूचं. नळं खाली फणात. म्होरं बैल, पाभरीवर धनी, आन् मागं बाई. बाईनं चाड्यावर मूठ धरायची."

एवढं सांगून कोणाला काही कळलेलं नाही हे तिच्या लगेच ध्यानात येतं. ती इकडेतिकडे पाहते. ताडपत्रीवर पावडरच्या जुन्या डब्यात सायकलचे छर्रे आहेत. ती त्यातले मूठभर घेते, चाडं डाव्या हाताने उचलून धरते आणि उजवी मूठ त्यावर फिरवायला लागते. मूठ पालथी, करंगळी काठाला टेकलेली. छर्रे अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून दोन-दोन, तीन-तीन सुटतात, मधल्या उंचवट्यावर आपटून चहूकडे होतात आणि चारी भोकांतून खाली ताडपत्रीवर टपटपतात. चार जागी चार लहान ढीग. हात थांबत नाही, घाई करत नाही.

"ओ मावशी! छर्रे!" भाई ओरडतो.

"गोळा करून देते की," ती म्हणते आणि थांबत नाही. "बाजरी बारीक, तिला मूठ आवळायची. हरभऱ्याला सैल. एका वळीत दाट आन् एका वळीत पातळ झालं, तर समद्या गावाला दिसतंय, उगवून आल्यावर. सासू बोलती मग."

तात्या चारही ढिगांतले छर्रे मोजताहेत. खरंच मोजताहेत, बोटाने एकेक बाजूला सारून. अकरा, बारा, अकरा, दहा. टूलरूममध्ये पुरी हयात काढलेला माणूस मान वर करून तिच्या मुठीकडे बघतो.

"तीन भोकं पाहिजेत पण," मधूनच एक टेम्पोवाला बोलतो. तो सोलापूरकडचा. "आमच्याकडं तिफण असती. तीनच फण."

"तुमची तिफण, आमची पाभर. आमची चारफणी."

"चारला बैल वढायचं नाहीत."

"तुमचं नसतील वढत," मावशी शांतपणे म्हणते, आणि आसपासचे लोक खो खो हसतात. टेम्पोवाला हार मानत नाही. तो आता दुफणीच्या, नांगरामागे एकाच नळीने पेरायच्या मोघणीच्या, आणि आपल्या आजोबांच्या गोष्टी सांगू लागतो. त्याचंही बरोबर आहे. जमीन, पीक, बैल बदलले की फणांची संख्या बदलते आणि भोकांची संख्या तिच्यामागोमाग. रब्बी ज्वारीच्या सल्ल्यात कृषी खातं तर अजूनही दोन चाड्यांच्या पाभरीने पेरा असं छापतं: एका चाड्यात बी, दुसऱ्यात खत. आम्ही शहरातली माणसं ते वाक्य वर्तमानपत्रात वाचतो आणि चाड्यापाशी न अडखळता पुढे सरकतो.

तात्या चाडं परत मागून घेतात. काठाची गुळगुळीत बाजू शोधतात आणि तिथे आपली करंगळी टेकवून बघतात. मनगट नव्हतं तर. मग मूठ फिरवतात, रिकामीच. त्यांच्या हाताला ती लय येत नाही. मावशी त्यांचं कोपर धरून थोडं वर करते.

"असं. खांदा हलवायचा न्हाई."

इकडे तरुणाचं डोकं दुसऱ्याच दिशेने चालू लागलंय. बल्बचा बेत त्याने सोडलेला नाही, पण आता त्याच्याकडे सांगण्यासारखी गोष्टही आहे, आणि हॉटेलात टेबलं बरीच आहेत. प्रत्येक टेबलावर एक. तो मावशीला विचारतो, अशी अजून मिळतील का.

"मिळतील की. आता ट्रॅक्टरची पेटी आली, हे कोण वापरतंय? आमच्या माळ्यावर दोन पडल्यात. जावेकडं एक. भावकीत इचारलं तर निघतील धा-बारा."

"कितीला द्याल?"

मावशी भाईकडे वळते. "तू कितीला लावलंस रं ह्ये?"

"बाराशे," भाई म्हणतो आणि त्याच क्षणी आपण बोलायला नको होतं हे त्याला कळतं.

"मी सातशेला देते. पोरगा मंगळवारी मार्केट यार्डात माल घिऊन येतोय, गाडीतनं टाकील." ती कमरेचा बटवा सोडून छोटा मोबाइल काढते आणि तरुणाकडे देते. "नंबर घाल तुझा. मला दिसत न्हाई."

"मावशी, हे बरोबर नाही," भाई कळवळून बोलतो. "माझ्या गिऱ्हाइकाला माझ्या दुकानात—"

"दुकान कुठाय? ताडपत्री हाय. आन् ह्या घमेल्याचं किती? बुडाला पोचा हाय, बघ."

घमेल्यावर घासाघीस सुरू होते. तात्या जंतराचे दीडशे रुपये भाईच्या हातावर ठेवतात. तो ते न मोजता खिशात घालतो, कारण त्याचं सगळं लक्ष मावशीच्या मोबाइलवर आहे. आयटीआयचं पोरगं गुडघ्यांवर बसून छर्रे वेचतंय. तरुण नंबर घालून फोन परत देतो, पुन्हा एकदा विचारून घेतो, मंगळवारी नक्की ना, दहा नक्की ना.

"धा म्हनलं ना," मावशी घमेलं डोक्यावर पालथं घालते आणि निघता निघता वळते. "आन् नळं पायजेत का? नळ्याचं पैसं येगळं."